गुहामोहिमांचे मार्गालेख : साधन म्हणून परीक्षण

मेघालयांतील खासी, जयंतिया व गारो डोंगरांत गुहा पुष्कळ आहेत. १९९२ पासून तेथें एतद्देशीय व परदेशीय शोधकांच्या मोहिमा होत आल्या आहेत. क्रेम लियात प्राह ही चुनखडीची गुहा ३० किलोमीटरांहून अधिक मोजली गेली, आणि २४ किलोमीटरांहून अधिक लांबीची क्रेम पुरी वालुकाश्माच्या ज्ञात गुहांत जगांत सर्वांत लांब ठरली. (खासी भाषेंत ‘क्रेम’ म्हणजे गुहा.) अशा मोहिमांतील मंडळी आपल्या वाटचालीची जीपीएस यंत्रानें उतरलेली नोंद परस्परांस देतात व पुष्कळदां सर्वांस खुली करतात. ह्या नोंदीस आम्ही मार्गालेख म्हणतों. जुन्या कागदांच्या शोधकास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. पण मार्गालेख हाहि एक कागदच आहे. कर्ता, काळ, नक्कल, क्षेपक, गळालेला मजकूर हे सर्व प्रश्न त्यास लागू पडतात. मात्र ते विचारले जातात क्वचित्.

यंत्र ठराविक अंतरानें अक्षांश, रेखांश, उंची व वेळ टिपतें. हीं टिपणें क्रमानें जोडलीं म्हणजे वाट दिसूं लागते. त्यासाठीं निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात, आणि सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून येणारे हे संदेश खडकांत शिरत नाहींत. म्हणजे ज्या कामासाठीं मोहीम निघाली, नेमक्या त्याच ठिकाणीं मार्गालेख मुका होतो. मुका राहता तरी बरें होतें! आमच्या पाहण्यांत आलेल्या एका मार्गालेखांत तुकडी सकाळीं एका तोंडानें आंत गेली व सायंकाळीं धारेपलीकडील दुसऱ्या तोंडानें बाहेर आली. मधल्या आठ तासांचें एकहि टिपण नाहीं. पण शेवटचा बिंदु व पुढचा बिंदु ह्यांस जोडणारी एक सरळ रेघ धारेवरून खुशाल गेलेली आहे. त्या रेघेवरून पुढें दुसऱ्या एका नकाशांत तेथें पायवाट दाखविलेली आम्हीं पाहिली. पोथीचीं चार पत्रें गहाळ असतां मागची-पुढची ओळ जोडून अखंड प्रत देणाऱ्या लेखनिकास आपण काय म्हणतों? ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. मार्गालेखाच्या रचनेंत खंड पडल्यास नवा विभाग सुरू करण्याची सोय आहे. ‘स्वच्छ’ प्रत करणारानें विभाग एकत्र केले, व त्याबरोबर एकमेव प्रामाणिक खूण पुसली गेली.

वेळेचेंहि तसेंच. मार्गालेखांत जागतिक प्रमाणवेळ असते. ती भारतीय वेळेच्या साडेपांच तास मागें. पहाटे पांच वाजतां निघालेली तुकडी मूळ नोंदींत आदल्या रात्रीं साडेअकरास निघालेली दिसते, आणि तारीखहि एकानें मागें जाते. शक, सुहूर व हिजरी सनांचा मेळ घालतांना ज्यांचे डोळे शिणले आहेत, त्या आमच्या वाचकांस ह्याचें मर्म सांगावयास नको. मोहिमेच्या रोजनाम्याशीं मार्गालेख जुळत नाहीं म्हणून रोजनामाच खोटा ठरविण्याची घाई करूं नये, इतकेंच.

स्थानांविषयीं आमचा आक्षेप अधिक कडक आहे. अंशाच्या आठव्या दशांशापर्यंत आंकडे छापलेले आम्हीं पाहिले. आठवा दशांश म्हणजे सुमारें एक मिलिमीटर! मोकळ्या आकाशाखालीं साध्या यंत्राची चूक पांच-दहा मीटर होते, आणि गुहेचें तोंड बहुधा घळींत, झाडीखालीं असतें, तेथें ती बरीच वाढते. शिवाय २ मे २००० पूर्वीं नागरी यंत्रांस मिळणारा संकेत अमेरिकन सरकार मुद्दाम बिघडवीत असे, व चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. म्हणून त्या आधीं घेतलेलें स्थान तारखेवांचून निरुपयोगी होय. हिंदुस्थानच्या जुन्या सर्वेक्षण-नकाशांचा आधार एव्हरेस्टचा लंबगोल, तर जीपीएसचा वेगळा. आधार न सांगतां एकाचे आंकडे दुसऱ्यावर बसविले तर त्या डोंगरांत कांहींशें मीटरांचा फरक पडतो, आणि गुहा भलत्याच ओढ्यांत जाते.

गुहेच्या आंतील खरें साधन निराळेंच असतें. एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्याचें अंतर, दिशा व उतार मोजून केलेलें तें टिपण होय. पूर्वीं फीत व होकायंत्र, आणि २००८ पासून पुष्कळ ठिकाणीं डिस्टोएक्स हें लेसर-यंत्र. होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेहून ढळलेली असते, व तो ढळ वर्षागणिक बदलतो. एका अंशाची चूक किलोमीटरास सतरा मीटर होते. फिरून त्याच ठाण्यावर आल्यास जी तफावत निघते ती सर्व्हेक्ससारखी गणनप्रणाली साऱ्या ठाण्यांत वांटून टाकते. तें योग्यच, पण वांटणीपूर्वींचे आंकडे व चिखलाचे डाग पडलेली वही राखली नाहीं, तर पाठभेद फेंकून केवळ संपादित पाठ ठेवल्यासारखें होतें.

आतां प्रसिद्धीचा प्रश्न. ‘सर्व साधनें सर्वांस खुलीं’ हें तत्त्व आम्हीं आजवर मानीत आलों, आणि कुलुपांत वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें पाहिल्यावर तें कां मानावें हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. तरी येथें आम्हांस थबकावें लागतें. पोथीचें स्थळ कळल्यानें पोथी झिजत नाहीं, गुहा झिजते. जयंतिया डोंगरांतील क्रेम उम लादाव ह्या गुहेंतील मोठा मासा २०१९ मध्यें शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला व २०२३ मध्यें त्यास निओलिसोचिलस पनार हें नांव मिळालें. असा जीव राहतो तेथवरची वाट पावलागणिक वाटून देणें म्हणजे संग्राहकांस आमंत्रणच. १८१९ मध्यें अजिंठा इंग्रजांस ‘सांपडलें’, आणि पुढें हौशी मंडळींनीं तेथील चित्रांचे तुकडे काढून नेले, हें आपण जाणतों. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यानें संघराज्याच्या जमिनीवरील महत्त्वाच्या गुहांचीं नेमकीं स्थानें सहसा उघड करतां येत नाहींत. मेघालयांत तर बहुतेक जमीन कुळांची व गांवांची आहे. मार्गालेख खुला करतांना त्या गांवास विचारलें होतें काय, ह्याचा उल्लेख आमच्या पाहण्यांतील एकाहि मार्गालेखाबरोबर नव्हता. हा दोष आम्ही रेघेच्या दोषाहून मोठा समजतों.

आमच्या मतें छापील लेखांत स्थान दोन दशांशांपर्यंतच द्यावें, म्हणजे सुमारें किलोमीटरभराची मोघम जागा कळेल. मूळ मार्गालेख, वही, यंत्राचें नांव, आधार व तारीख ह्यांसह एक प्रत जमिनीच्या धन्यांकडे व एक जबाबदार संग्रहाकडे ठेवावी, आणि अभ्यासकानें ती मागून पाहावी. आंकडे गाळून त्याच लेखांत स्थान-नोंद असलेलें छायाचित्र जोडणारे महाभागहि आहेत, त्यांस काय म्हणावें?

वर सांगितलेल्या सरळ रेघेच्या मार्गालेखाची मूळ प्रत आम्हीं संबंधितांकडे मागितली. उत्तर सौजन्यपूर्ण आलें. पुढच्या मोहिमेसाठीं यंत्र रिकामें केलें तेव्हां मूळ नोंद पुसली गेली. आतां स्वच्छ प्रत तेवढी शिल्लक आहे.