डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि खरे

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट १९४६ साली आला. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांचे नाव घरोघर पोहोचविण्याचे श्रेय त्याला निःसंशय द्यावे लागते. शांतारामबापूंनी स्वतः नायकाची भूमिका केली, जयश्रीबाई चिनी नायिका झाल्या, संगीत वसंत देसायांचे. चित्र अजूनही पाहवते. तरीही त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही.

पडद्यावरचे कोटणीस प्लेगशी झुंजतात, जपान्यांच्या हाती सापडून निसटतात आणि अखेर प्लेगनेच मरतात. खरे कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याने गेले. वय अवघे बत्तीस.

हा फरक का करावा लागला? कादंबरी लिहिणाऱ्याला हा मोह चांगला ठाऊक असतो. नायकाला मरण द्यायचे तर ते भव्य हवे, शत्रूशी लढताना आलेले हवे. फेफरे हा शब्द तर आपल्या घरांतून अजूनही दबक्या आवाजातच उच्चारला जातो. मुलीचे लग्न ठरताना तो लपविला जातो. मग वीरपुरुषाच्या कपाळी तो कसा लिहावा?

पण वाचकहो, खरी हकीकत पाहा. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत कोटणीस एक होते. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. पुढे आठव्या सेनेबरोबर आघाडीवर गेले. १९४० मधील एका लढाईत सलग बहात्तर तास ते शस्त्रक्रिया करीत उभे होते. तीन दिवस आणि तीन रात्री! यात तलवारीचा खणखणाट नाही. एक जखमी उचलला, दुसरा ठेवला, एवढेच. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले इन्हुआ : ‘इन्’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. झटके येऊ लागले तरी काम थांबले नाही. जागरणाने आणि श्रमाने हा रोग बळावतो, हे डॉक्टराला कोणी सांगावे लागत नाही. शेवटच्या दिवसांत ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते.

मी शाळामास्तर. मला या पुस्तकाचे मोल प्लेगपेक्षा अधिक वाटते. आपल्यामागे दुसऱ्यांचे हात चालू राहावेत म्हणून आजारी माणूस लिहीत बसतो, याहून मोठा त्याग तो कोणता? पडद्यावरचा त्याग एका क्षणाचा आहे. खरा त्याग चार वर्षे रोज सकाळी नव्याने करावा लागला.

ज्या ख्वाजा अहमद अब्बासांच्या पुस्तकावर हे चित्र बेतले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘आणि एक परत आला नाही’ असा आहे. किती साधे नाव! चित्राने या साधेपणावर विश्वास ठेवला असता तर ते चांगले होते, त्याहून थोर झाले असते.

या दिवाळीत मुलांना हे चित्र अवश्य दाखवा. मात्र ते संपले की त्यांना जवळ घेऊन सांगा, की डॉक्टर प्लेगने गेले नाहीत. ज्या आजाराची आपण लाज बाळगतो, तोच अंगावर घेऊन ते अखेरपर्यंत कामावर होते.