किता, कामी, आपण, आम्ही

जपानी शिकवणाऱ्या प्राथमिक पुस्तकांत पहिल्या काही धड्यांतच 'आनाता' हा शब्द येतो. अर्थ दिलेला असतो 'तुम्ही'. इंडोनेशियन भाषेच्या पुस्तकात त्याच जागी 'आंदा' असतो. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उच्चारातले साम्य योगायोगाचे. दैव मात्र दोघांचेही सारखेच: पुस्तकात पानोपानी आणि बोलण्यात क्वचित. जपानी विद्यार्थी प्राध्यापकांना 'आनाता' म्हणणार नाही, 'सेन्सेई' म्हणेल, किंवा कर्ता सरळ गाळून टाकेल. 'आंदा' तर मुद्दाम रुजवलेला शब्द आहे. वय, हुद्दा, घराणे यांतले काहीच न विचारणारे एक संबोधन असावे म्हणून १९५७ मध्ये तो पुढे आणला गेला. तो जाहिरातींत, अर्जांत, सूचनाफलकांवर स्थिरावला आणि माणसे एकमेकांना 'पाक', 'इबु', 'मास', 'म्बाक', 'काक' म्हणतच राहिली. रिक्षावाल्याला 'दादा' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला यातले काही समजावून सांगायला नको.

मी हा तपशील आधी सांगते याचे कारण असे की, जपानमध्ये शिकणाऱ्या इंडोनेशियन विद्यार्थ्याविषयी जे लिहिले जाते त्यात नेमका हाच थर हरवलेला असतो. थंडी असते, मिनिटाच्या हिशेबाने येणारी गाडी असते, हलाल जेवणाची शोधाशोध असते, आठवड्याला २८ तासांपुरती कामाची परवानगी आणि त्या तासांत बसवलेली हॉटेलातली भांडी असतात. आणि शेवटी एक निदान असते: जपानी माणूस सभ्य आहे, पण मन मोकळे करत नाही. हे निदान मला आळशी वाटते. त्यात विद्यार्थी कोरी पाटी घेऊन गेलेला असतो, आणि अदब ही जणू त्याने आयुष्यात प्रथमच पाहिलेली गोष्ट असते.

प्रत्यक्षात त्या विद्यार्थ्याची मातृभाषा जावानीज असेल, तर त्याला अदबीचे व्याकरण घरातच पाठ झालेले असते. जावानीजमध्ये बोलण्याचे स्तर आहेत: बरोबरीच्यांशी 'ङ्गोको', मोठ्यांशी 'क्रामा', आणि आदरणीय व्यक्तीच्या कृतींसाठी त्याहून वरचे 'क्रामा इंगिल'. मित्र जेवतो तेव्हा 'मांगान', मी मोठ्यांसमोर माझ्या जेवण्याविषयी बोलतो तेव्हा 'नेढा', आणि गुरुजी जेवतात तेव्हा 'ढाहार'. जपानीत याच तीन जागांवर 'ताबेरू', 'इतादाकू' आणि 'मेशिआगारू' ठेवता येतात. दोन्ही भाषांच्या कुळांत कसलेही नाते नसताना ही मांडणी इतकी जुळते की तौलनिक साहित्याच्या वर्गात फळ्यावर लिहावी. योग्याकार्ताच्या मुलाला तोक्योत 'केइगो' शिकताना क्रियापदे अवघड जात असतील, पण त्यामागची कल्पना त्याला नवी नसते. (सुमात्रातून आलेल्या बाताक मुलाचे वेगळे. बाताकांचे बोलणे रोखठोक अशी त्यांची देशभर ख्याती आहे. एकाच वर्गातले हे दोघे जपानी वेगवेगळी शिकत असतात, आणि 'इंडोनेशियन विद्यार्थी' या एका शब्दाखाली ते कोंबणे हीसुद्धा एक सोयच आहे.)

तेव्हा खरा पेच अपरिचयाचा नाही, परिचयाचा आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बाताव्हियातल्या युवक परिषदेने एकतेची भाषा म्हणून जिचा उच्चार केला ती जावानीज नव्हती. जावानीज बोलणारे संख्येने सर्वांत जास्त होते, तरी निवड मलायमधून घडलेल्या इंडोनेशियनची झाली. मलाय ही बंदरांची, व्यापाराची भाषा होती हे एक कारण. दुसरे असे की, तोंड उघडण्याआधी समोरच्याची पायरी मोजावी लागत नाही अशी ती भाषा होती. प्रामुद्या अनंता तूर यांच्या १९८०च्या 'बुमी मानुसिया'तला मिंके हा डच शाळेत शिकणारा विद्यार्थी. जिल्ह्याच्या अधिपतीसमोर जावानीज रीतीने सरपटत जाण्याचा त्याला जो संताप येतो, तो मला केवळ वसाहतकालीन प्रसंग वाटत नाही. आधुनिक इंडोनेशियन गद्याच्या मुळाशी असलेला तो एक करार आहे: या भाषेत आपण सरपटणार नाही. अशा भाषेत वाढलेली मुलगी जपानी विद्यापीठात 'सेन्पाई'समोर क्रियापद वाकवते, तेव्हा ती परकी रीत शिकत नसते. तिच्या आजोबांच्या पिढीने जे मागे टाकले त्याच्याशी तिची परत गाठ पडत असते. मग ते तिला घरच्यासारखे वाटते की अपमानास्पद, की आळीपाळीने दोन्ही? कादंबरीला पुरेल इतका हा ऐवज आहे.

ती कादंबरी मी शोधत राहिले. सापडले ते वेगळेच. इलाना तान यांची 'विंटर इन तोक्यो' (२००८) ही अफाट खपलेली प्रेमकथा. तिच्यावर २०१६ मध्ये चित्रपटही निघाला. नायिका केइको अर्धी जपानी, अर्धी इंडोनेशियन, ग्रंथालयात काम करणारी. शेजारी राहायला येणारा काझुतो छायाचित्रकार. पुढे त्याचा स्मृतिभ्रंश. लेखिकेच्या ऋतुमालेतल्या इतर पुस्तकांत सोल, पॅरिस आणि लंडन आहेत, आणि ही शहरे हिवाळ्या-उन्हाळ्यासारखीच आलटून-पालटून वापरता येतात. पुस्तक वाईट नाही, आपल्या जातीत नेटके आहे. पण त्यातली पात्रे ज्या गुळगुळीत इंडोनेशियनमध्ये बोलतात, त्यातून भाषा हा प्रश्नच पुसला गेला आहे. अर्धी-अर्धी नायिका कोणत्या भाषेत रागावते, कोणत्या भाषेत माघार घेते, हे विचारण्याची कादंबरीला गरज वाटत नाही. तिथला जपान म्हणजे बर्फ.

न्ह. दिनी यांनी तीस वर्षे आधी याच्या उलट टोकाला जाऊन पाहिले होते. सेमारांगच्या या लेखिकेने फ्रेंच वाणिज्यदूताशी लग्न केले आणि साठच्या दशकाच्या आरंभी ती कोबेत राहिली. १९७७ मध्ये तिची 'नामाकु हिरोको' आली. तिने इंडोनेशियन बाईच्या नजरेतून जपान दाखवला नाही. खेड्यातून शहरात मोलकरीण म्हणून आलेल्या, पुढे नर्तकी आणि कोणाची तरी ठेवलेली बाई होणाऱ्या हिरोकोलाच तिने बोलते केले, प्रथमपुरुषी, इंडोनेशियनमध्ये. शीर्षकातच धाडस आहे. 'नामाकु' म्हणजे माझे नाव. त्यातला 'कु' हा 'आकु'चा, म्हणजे जवळिकीच्या, आपुलकीच्या 'मी'चा अंश. मालकिणीसमोर गुडघ्यांवर बसणाऱ्या मोलकरणीला तिच्या स्वतःच्या भाषेत असा निःसंकोच 'मी' सहजी मिळाला नसता. दिनींनी तो तिला इंडोनेशियनमधून दिला. परक्या समाजाविषयी लिहिताना तिथल्या माणसाच्या तोंडी आपली भाषा घालणे ही सहसा सत्ता असते; इथे ती भेट आहे, असे माझे मत आहे. हिरोकोच्या नैतिकतेवरून त्या काळी नाके मुरडली गेली असतील तर नवल नाही, पण त्या चर्चेत या 'मी'कडे दुर्लक्ष होते.

दिनी विद्यार्थिनी नव्हत्या, हेही खरे. विद्यार्थ्यांची गोष्ट सर्वांत तीव्रपणे घडली ती कादंबरीबाहेर. १९४३ आणि १९४४ मध्ये जपानने आपल्या ताब्यातल्या आग्नेय आशियातून सुमारे २०० तरुण 'दक्षिणेचे विशेष विद्यार्थी' म्हणून नेले: जावा, सुमात्रा, मलाया, ब्रह्मदेश, फिलिपिन्स. बरेचसे नामवंत घराण्यांतले. (याच सुमारास सुभाषबाबूंनीही पंचेचाळीस भारतीय तरुण तोक्योला पाठवले, पण ते लष्करी शिक्षणासाठी.) आधी तोक्योत भाषा, मग ठिकठिकाणच्या शिक्षणसंस्था. मायदेशी त्या वेळी जपानची घोषणा होती ती आशियाचा प्रकाश, आशियाचा रक्षक, आशियाचा नेता अशी, आणि जपानी म्हणवून घेत होते 'सौदारा तुआ', थोरला भाऊ. त्याच थोरल्या भावाने वेठबिगारीवर नेलेल्यांसाठीचा 'रोमुशा' हा जपानी शब्द आजही इंडोनेशियन कोशात आहे.

या विद्यार्थ्यांपैकी काही जण १९४५ मध्ये हिरोशिमाच्या विद्यापीठात होते. त्यांच्या वसतिगृहाचे नाव 'कोनान', दक्षिणेचा उत्कर्ष. ते स्फोटाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या आत होते. मलायाचे निक युसुफ आणि सय्यद ओमर हे दोघे गेले. ओमर क्योतोत, सप्टेंबरच्या आरंभी. त्यांची कबर तिथल्या एन्कोजी मंदिराच्या आवारात आहे. वाचलेल्यांत इंडोनेशियाचे आरिफिन बेय आणि हसन राहाया होते. ब्रुनेईचे पेंगिरान युसुफ होते, ज्यांनी पुढे आपल्या देशाचे राष्ट्रगीत लिहिले. स्फोटानंतरचे काही दिवस हे तरुण विद्यापीठाच्या मैदानात, आसपासच्या जपानी जखमींसोबत उघड्यावर राहिले.

इथे अनुवादकाची अडचण सुरू होते. इंडोनेशियनमध्ये 'आम्ही' दोन आहेत. 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'किता' म्हणजे त्याला धरून. जकार्ताच्या रोजच्या बोलण्यात 'किता' दोन्हीकडे चालून जाते, पण लिहिताना माणूस थांबतो. जपानीत मात्र 'वाताशीताची' एकच. वर्गमित्र म्हणाला, "वाताशीताची रविवारी डोंगरावर जाणार आहोत." हे घरच्यांना पत्रात लिहायचे तर 'कामी' की 'किता'? म्हणजे बोलावणे होते की नुसती माहिती होती? जपानी वाक्याने न सोडवलेले कोडे इंडोनेशियन व्याकरण त्या मुलीकडून सोडवून घेते, आणि उत्तर चुकले तर रविवारी सकाळी स्टेशनवर उभी राहणारी तीच.

या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अर्ध्यांना हे कोडे आपोआप कळेल आणि अर्ध्यांना कळणार नाही. हिंदीतला 'हम', बंगालीतला 'आमरा', इंग्रजीतला 'वी' हे जपानीच्या बाजूचे. तमिळचे 'नाम' आणि 'नांगळ', तेलुगूचे 'मनमु' आणि 'मेमु', गुजरातीचे 'आपणे' आणि 'अमे', मराठीचे 'आपण' आणि 'आम्ही' हे इंडोनेशियनच्या बाजूचे. गुजराती आणि मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळे आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंडोनेशियन लेखन आपल्याकडे बहुधा इंग्रजी अनुवादावरून येते. म्हणजे दोन 'आम्ही' असलेल्या भाषेतून दोन 'आम्ही' असलेल्या भाषेत जाताना मजकूर एकाच 'आम्ही'च्या भाषेतून गाळून घेतला जातो. मध्ये जे सांडते ते मराठी अनुवादक अंदाजाने भरतो. मला ही चैन परवडत नाही, कारण या गोष्टीत तो अंदाज म्हणजेच आशय आहे. थोरल्या भावाचा 'आशिया' हा ओढूनताणून आणलेला 'किता' होता. हिरोशिमाच्या स्मृतीतला 'आम्ही' दीर्घकाळ जपानी राष्ट्राचाच राहिला: १९७० मध्ये उभारलेले कोरियन मृतांचे स्मारक शांतिउद्यानाच्या बाहेर होते, ते आत आले १९९९ मध्ये.

आणि आता? जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत इंडोनेशियात जपानी शिकणारे ७ लाखांहून अधिक आहेत, चीनखालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकावर, बहुतेक माध्यमिक शाळांतले. २००८ पासून दोन देशांमधल्या आर्थिक करारानुसार परिचारिका आणि शुश्रूषा-सेवक जातात. जपानीतून, कांजी वाचत, तिथली राष्ट्रीय परीक्षा देतात. ज्यांच्या अंगाला हात लावायचा त्या वृद्धांशी त्या आदरार्थी क्रियापदांत बोलतात. यांच्यातून लिहिणारी कोणी येईल तर ती 'विंटर'वाली नसेल, हे मी पैज लावून सांगते. नावापासूनच तिची सुरुवात अडेल: अनेक जावानीज माणसांना एकच नाव असते, आणि जपानी अर्जात आडनावाची चौकट रिकामी ठेवता येत नाही.

मैदानाकडे परत जाऊन एवढेच सांगते. समजा, वाचलेल्या एखाद्याने त्या दिवसांविषयी जपानीत लिहिले आहे. जपानी रीतीने त्याने कर्ता गाळला आहे: मैदानात राहिणे झाले, पाणी वाटून पिणे झाले, एवढेच. इंडोनेशियन अनुवादकाला 'कामी' की 'किता' ते ठरवावे लागेल: आम्ही परदेशी मुले, की तिथे पडलेले आपण सगळे. क्रियापद तिला काही मदत करणार नाही, कारण इंडोनेशियन क्रियापदाला पुरुष-वचन नसते. मराठीत मात्र पुरुषाच्या तोंडी 'मी राहिलो', 'आम्ही राहिलो', 'आपण राहिलो', तिन्हींचे रूप एकच आहे. म्हणून मी सर्वनाम लिहिणार नाही. मैदानातच राहिलो. होते ते पाणी वाटून प्यालो.