शेजारच्या टेबलावरचा माणूस

नोकरीच्या ठिकाणी होणारी मानहानी हा साहित्याच्या दृष्टीने वरकरणी रूक्ष विषय आहे. त्यात रणांगणाची भव्यता नसते, विरहाची आर्तताही नसते. सर्वांसमक्ष केलेला उपहास, मुद्दाम दाबून ठेवलेला रजेचा अर्ज, गोपनीय अहवालातील एखादा विषारी शेरा, चहाच्या वेळी आपण पोहोचताच थांबणारे संभाषण, इतक्याच सामग्रीवर लेखकाला आपली इमारत उभी करावी लागते. परंतु ही सामग्री किती जणांच्या जीवनाची आहे, हे पहाटेच्या लोकलने विरार-वसईहून मुंबईला जाणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच, असे वातावरण माणसाने कसे सोसावे या प्रश्नाला साहित्याने काय उत्तर दिले, हे तीन कथांच्या आधारे तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली कथा निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’. ती 1842 साली प्रसिद्ध झाली. सेंट पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यात अकाकी अकाकियेविच हा नकलनवीस कागद उतरवून काढण्यात आयुष्य घालवितो. सहकारी त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकून बर्फ पडत असल्याचे सांगतात. म्हाताऱ्या घरमालकिणीशी त्याचे लग्न लावून मोकळे होतात. तो मान वर करीत नाही. लिहिताना हातालाच धक्का बसला तर तेवढा कळवळतो. त्याचा मार्ग मौनाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना आमचे लक्ष मात्र एका नव्या तरुण कारकुनाकडे गेले. इतरांचे पाहून तोही थट्टेत सामील होतो. पण अकाकीच्या त्या कळवळण्यात त्याला आपल्याच भावाचा स्वर ऐकू येतो आणि तो जागच्या जागी थिजतो. पुढे आयुष्यभर ते शब्द त्याचा पाठलाग करतात. गोगोलची ही जाणीव थोर आहे. परंतु तो तरुण पुढे अकाकीसाठी काय करतो, याविषयी कथा काही सांगत नाही. त्याचे हृदय द्रवले. अकाकीचे टेबल होते तेथेच राहिले.

नवा कोट चोरीस गेल्यावर कचेरीत वर्गणी निघते. ती अगदीच क्षुल्लक जमते, कारण संचालकांच्या तसबिरीसाठी मंडळींचे पैसे आधीच खर्ची पडलेले असतात. एक बडा अधिकारी अकाकीला धमकावून हाकलतो, तापाने तो मरतो, आणि पुरून चार दिवस लोटल्यावर कचेरीला वार्ता कळते. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा कारकून बसतो. त्याची अक्षरे जरा तिरपी असतात, इतकाच फरक. अखेरीस अकाकीचे भूत त्या अधिकाऱ्याचा कोट हिसकावते आणि अधिकारी पुढे हाताखालच्यांवर कमी ओरडू लागतो. येथे कथा आम्हांस थोडी उणी वाटते. अधिकाऱ्याला सुधारण्यासाठी लेखकाला भुताचा आश्रय घ्यावा लागला. जिवंत माणसांपैकी एकही त्या कामी उपयोगी पडला नाही.

दुसरी कथा अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिल याची ‘बार्टलबी’, 1853 सालची. वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाच्या कचेरीत, समोर भिंतच दिसेल अशा खिडकीपाशी, बार्टलबी नकला करीत बसतो. एके दिवशी तो सौम्यपणे एक काम नाकारतो, मग दुसरे, आणि अखेर सर्वच. त्याचा मार्ग नकाराचा आहे. येथे साहेब क्रूर नाही. तो विनयशील व सुशिक्षित आहे. राग अनावर झाला असता त्याला परस्परांवर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञासुद्धा आठवते. तो पैसे देऊ करतो, आणि शेवटी बार्टलबीला तेथेच सोडून कचेरीच दुसरीकडे हलवितो. आपल्या घरी येण्याचे आमंत्रण तो देतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो. बार्टलबी तुरुंगात अन्नावाचून मरतो.

या कथेचे मर्म आमच्या मते त्या निवेदक वकिलात आहे. हा माणूस मागे कधीतरी पत्ता न लागलेल्या पत्रांच्या टपाल कचेरीत कामाला होता, अशी एक वदंता तो शेवटी सांगतो. अनेक रसिकांना हा समारोप हृद्य वाटतो. आम्हांस त्यात वकिलाची सुटका दिसते. दुःखाचे कारण पीडिताच्या पूर्वायुष्यात सापडले की आपल्या कचेरीतील त्या भिंतीकडे पाहण्याची गरज उरत नाही. ‘तो मुळातच तसा होता’ हे वाक्य कोणत्या कचेरीत ऐकू येत नाही?

तिसरी कथा आपली, मराठी. बाबुराव बागुलांच्या 1963 साली निघालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील त्याच नावाची ही कथा. रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत आलेला दलित तरुण राहण्यास खोली मिळावी म्हणून जात लपवितो. त्याचा मार्ग लपण्याचा आहे. त्याच्या कवित्वाचा, विद्येचा मान होतो. आणि हा मान एका शब्दावर टांगलेला आहे हे त्याला पदोपदी जाणवते. त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा दलित कामगार आहे. तो काहीही लपवीत नाही आणि जवळ सुरा बाळगतो. सत्य उघड होताच मान देणारेच निवेदकाला बेदम मारतात. काशिनाथ धावून येतो व त्याला सोडवून नेतो. बागुलांची भाषा गोगोलसारखी विनोदाच्या आडून येत नाही. ती सरळ अंगावर येते. अधिक महत्त्वाचे म्हणजे, तिन्ही कथांत वेळेवर हात पुढे करणारा माणूस केवळ येथेच भेटतो, आणि तोही ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यातलाच असतो.

मौन, नकार आणि लपणे हे तीन मार्ग आपापल्या परीने समजण्याजोगे आहेत. ज्याला संसार चालवायचा आहे त्याने कोणताही पत्करला तरी आम्ही त्याला बोल लावणार नाही. परंतु तिन्ही मार्गांवर माणूस एकटा आहे. म्हणून या कथा पीडिताच्या सहनशक्तीची परीक्षा घेत नसून शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याची घेतात, असे आमचे मत झाले आहे. द्रवलेला तरुण, सभ्य वकील आणि सुरा घेतलेला काशिनाथ यांपैकी आपण कोण, हा प्रश्न त्या वाचकापुढे ठेवतात.

या तिन्ही कथांत एक मोठी उणीवही आहे. नोकरी करणारी, अपमान सोसणारी स्त्री त्यांच्या केंद्रस्थानी नाही. आपल्या देशात स्त्रियांच्या या छळाची दखल सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या विशाखा निकालात घेतली. 2013 च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक केली. कायद्याने दार उघडले आहे. परंतु समितीपुढे पाहिलेले खरे सांगण्यास सहकारी उभा राहिला नाही, तर त्या दारातून स्त्रीला एकटीनेच आत जावे लागते.

ख्रिस्ती वाचकाला अशा वेळी बहुधा क्रूस वाहण्याचा उपदेश केला जातो. तो उपदेश अर्धाच सांगितला तर जुलमी साहेबाच्या सोयीचा ठरतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकासमोर एक शिपाई प्रभूला चपराक मारतो. प्रभू उलट हात उगारत नाही, आणि गप्पही राहत नाही. आपण वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, अन्यथा मारण्याचे कारण काय, असे तो विचारतो. सहनशीलतेत प्रश्न विचारण्याचा हक्क अंतर्भूत आहे, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही. ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या 1981 च्या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हे तत्त्व मांडले. त्याच्या प्रकाशात पाहता, घडलेले तारखेनिशी लिहून ठेवणे, लेखी तक्रार करणे, संघटनेकडे जाणे, आणि काहीच न साधल्यास दुसरी नोकरी पाहून राजीनामा देणे, यांत अश्रद्धा किंचितही नाही.

कालवारीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने क्रूसाला खांदा दिला, तोही सैनिकांनी वेठीस धरले म्हणून. आपणांस कोणी वेठीस धरण्याची वाट पाहावी लागू नये. उद्या कचेरीत कोणाच्या डोक्यावर कागदाचे कपटे पडू लागतील, तेव्हा आपण आपली खुर्ची त्याच्या टेबलाजवळ सरकवली, तर गोगोलच्या कथेत राहून गेलेले एक वाक्य पूर्ण होईल.