न दिसणं आणि नसणं : लिलावानंतरच्या खेळाडूची पारख

मंडळी, आज प्रमाणांबद्दलच बोलायचं आहे, पण क्रिकेटच्या मैदानावर उभं राहून. पालघरात व्याख्यान आहे आणि शार्दुल ठाकूरचं नाव निघालं नाही, असं होणं कठीण. म्हणून ते मी सुरुवातीलाच काढतो.

माझी तक्रार आपल्या क्रिकेट-समीक्षेबद्दल आहे. वर्तमानपत्रांतली, वाहिन्यांवरची आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवरचीसुद्धा. आयपीएलच्या लिलावात कोणी एक पोरगा घेतला जातो, आणि दोन हंगामांत निकाल लागतो : "काही निघाला नाही हो." आता या वाक्यात दोन विधानं एकत्र कालवलेली आहेत. त्याच्यात गुण नव्हता, हे एक. आम्हाला तो दिसला नाही, हे दुसरं. दुसऱ्यावरून पहिल्यावर जायचं असेल, तर आपल्या मीमांसकांनी त्याला अट घातली आहे.

ते म्हणतात, अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं ठरत नाही. उजेड हवा, डोळे धड हवेत, आणि घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. मग न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होतं. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसक हे प्रमाण स्वतंत्र मानतात, नैयायिक मानत नाहीत. तो वाद आज नको. अट तेवढी लक्षात ठेवा.

आता शार्दुल. बोईसरला तारापूर विद्यामंदिरात असताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. (डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ मध्ये. त्याआधी इथून रोज मुंबईला जाऊन खेळणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.) २०१२ मध्ये रणजी पदार्पण झालं. पहिल्या ४ सामन्यांत ४ बळी, सरासरी ८२! त्या आकड्यांवर कोणीही त्याला मोडीत काढला असता. मुंबईने पुढच्या मोसमात पुन्हा चेंडू हातात दिला : २७ बळी. त्याच्या पुढच्या, २०१४-१५ च्या मोसमात ४८ बळी, सरासरी २०.८१.

आणि याच काळात, २०१४ च्या लिलावात, पंजाबच्या संघाने त्याला २० लाखांना घेतलं होतं. तो अख्खा हंगाम एकही सामना न खेळता गेला. आयपीएल पदार्पण २०१५ मध्ये. म्हणजे माणूस तोच, वर्षं जवळपास तीच. रणजी बघणाऱ्याला वाढ दिसत होती आणि फक्त आयपीएल बघणारा म्हणत होता, कोण हा? तो अंधाऱ्या खोलीत बघत होता, आणि खोली अंधारी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पण एवढ्यावर थांबलो तर मीही सोयीचं उदाहरण निवडणारा ठरेन. म्हणून ऑक्टोबर २०१८ बघा. वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका. राजकोटला विरारचा पृथ्वी शॉ पदार्पणात १३४ धावा करतो. विरारही आता आपल्याच जिल्ह्यातलं. आठवड्याभराने हैदराबादला शार्दुल पदार्पण करतो, आणि १० चेंडू टाकून जांघेचा स्नायू दुखावल्याने बाहेर. त्या संध्याकाळी कोण पुढे जाणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका होती? माझ्या नव्हती. दुसरी कसोटी मिळायला शार्दुलला जानेवारी २०२१ उजाडावं लागलं. ब्रिस्बेनला ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागी, आणि सामन्यात ७ बळी. त्याच दौऱ्यात पृथ्वी अ‍ॅडलेडला ० आणि ४ वर बाद झाला होता.

पृथ्वीच्या बाबतीत उजेड कमी पडला, असं म्हणता येत नाही. शाळेत ५४६ धावा काढल्यापासून त्याच्यावर सगळे दिवे लागलेले होते. तिथे खेळातलं उणेपण समीक्षकाने स्पष्ट सांगावं, ते प्रामाणिक आहे. शील काढत बसणं मात्र समीक्षा नव्हे. आणि दिवे फार लवकर लागले तर डोळे दिपतात, आपलेही. शाळकरी वयातल्या विक्रमाला आपण पिकलेलं फळ समजलो.

दोष एकट्या प्रेक्षकाचाही नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. अठराएक वर्षांची मुलं संघ क्रमाने निवडतात, आणि निवडलेल्या मुलावर संघाचा हक्क काही वर्षं राहतो. त्यामुळे थांबणं परवडतं. पावेल दात्स्युकला डेट्रॉइटने १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर निवडलं, तो त्यांच्याकडून खेळू लागला २००१ मध्ये, आणि थोर ठरला. आपल्याकडे तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ विस्कटतात. आज मी खतपाणी घालायचं आणि आंबे शेजाऱ्याने न्यायचे, तर खत कोण घालील? बोली लागते ती येत्या उन्हाळ्यावर. तिला आपण भविष्यवाणी समजून वाचतो, ही वाचणाऱ्याची चूक. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात पृथ्वी आणि शार्दुल दोघांनाही कोणी घेतलं नाही. मार्चमध्ये लखनौने जायबंदी मोहसिन खानच्या जागी शार्दुलला बोलावलं, आणि हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. चार महिन्यांत गोलंदाज बदलला होता काय?

तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे थांबलेला प्रत्येक जण शार्दुल होतो? नाही. बहुतेक जण होत नाहीत, आणि त्यांच्यावर व्याख्यानं होत नाहीत. पण "नाही" म्हणण्याचा हक्क उजेड दाखवल्यानंतरचा आहे. तोवर "अजून कळलेलं नाही" हे तिसरं उत्तर आहे, आणि ते देताना समीक्षकाला कमीपणा वाटू नये.

परवा एक जुना विद्यार्थी भेटला, तारापूर एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगा एका निवड चाचणीतून परत आला, नाव लागलं नाही. "सर, आता त्याचं क्रिकेट बंद करून क्लास लावू का?" मी विचारलं, किती चेंडू टाकायला मिळाले? म्हणाला, सहा. नवा चेंडू होता की जुना? आणि हा मॅटवर खेळणारा पोरगा, टर्फवर आधी कधी टाकलं होतं का? ते त्याला माहीत नव्हतं. "मुलाला विचारून सांगतो," म्हणाला. अजून फोन आलेला नाही.

चला, प्रश्न असतील तर घेऊ. माईक मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.