चकव्याला रूप नसतं

यावल-रावेरकडच्या कुणालाही चकव्याची गोष्ट सांगायला लावा. ती भुतापासून सुरू होत नाही, लाईटच्या पाळीपासून होते. "त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती..." मग केळीला पाणी द्यायला गेलेला माणूस, बांध कुणाचा, विहीर कुठल्या बाजूला, बॅटरीचे सेल कसे उतरले होते. ऐकणाऱ्याला यातलं सगळं ओळखीचं. आणि मग हा माणूस स्वतःच्याच बागेत वाट चुकतो, तीनदा फिरून त्याच विहिरीपाशी येतो. बस. दिसत काहीच नाही.

भयकथेचं वातावरण म्हणजे अमावस्या, घुबड, पडका वाडा, असं आपण धरून चालतो. माझा प्रबंध वाचता वाचता मत उलटं झालंय. वातावरण तयार होतं ते साध्या, हिशेबी तपशिलांतून.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची 'द मंकीज पॉ' घ्या. म्हातारा व्हाइट माकडाच्या वाळक्या पंजाकडे २०० पौंड मागतो, घरावरचं कर्ज फेडायला. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो. कंपनीचा माणूस भरपाई सांगतो: २०० पौंड. अंगावर काटा येतो तो या आकड्याने! पुढे आईच्या हट्टामुळे बाप दुसरी इच्छा मागतो, पोरगा परत येऊ दे. रात्री दार वाजतं. आई कडी काढायला धडपडते, बाप घाईने तिसरी इच्छा मागतो, आणि दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. दारात कोण होतं ते जेकब्ज दाखवत नाही.

आपल्या नारायण धारपांना हे पक्कं कळत होतं. पण त्यांच्या समर्थकथांत समर्थ येणार हे वाचकाला ठाऊक असतं, तिथे भीती थोडी सैल पडते. मला तरी ते येण्याआधीची पानं जास्त आवडतात.

आता याची दुसरी बाजू. खरी जागा, खरी वेळ, ओळखीचा साक्षीदार ही सामग्री डाकिणीच्या गोष्टीतही असते. धुळे-नंदुरबारच्या सातपुड्यात ती सांगितली जाते तेव्हा रिकाम्या दारात एक जिवंत बाई उभी केली जाते: तिचं घर, तिची नजर, आजारी पडलेलं पोर. अशा बायकांना मारहाण झालीय, गाव सोडावं लागलंय. कुणी करणी करतं असं सांगून त्याला छळणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चकव्याच्या गोष्टीत मात्र बोट दाखवायला माणूसच नसतो.

ती सांगणाऱ्या एका काकांना मी विचारलं, "मग ते काय व्हतं?"

काका म्हणाले, "पहाटे लाईट गेली, मोटर बंद पडली, आन् वाट सापडली."