नटपूर्वजांचा शोध व आमचे संग्राहक

परंड्याच्या किल्ल्यानें आमच्या संशोधकांस इतका विषय पुरविला आहे कीं, त्या गांवच्या जुन्या घरांतील दप्तर सोडतांना दृष्टि प्रथम सनदा, महजर आणि मोडी हिशेब यांकडेच वळावी हें स्वाभाविक होय. मूर्तजा निजामशहास मलिक अंबरानें जेथें गादीवर बसविलें, तेथील कागदांस हा मान योग्यच आहे. पण त्याच रुमालाच्या तळाशीं एखाद्या संगीत नाटकाची हातची नक्कल अथवा खेळाचें हस्तपत्रक निघालें, तर संग्राहक बहुधा तें ‘अलीकडचें’ म्हणून बाजूस टाकतो. ही उपेक्षा आम्हांस अक्षम्य वाटते. घर सोडून नाटक मंडळींत गेलेल्या मुलाचें नांव वंशावळींतून गाळलें गेलें असेल, तर असला कागदच त्याचा एकटा साक्षी उरतो.

वंशजाकडे पुष्कळदां एकच वाक्य असतें : ‘पणजोबा किर्लोस्करांत होते.’ तें जसेंच्या तसें स्वीकारणें म्हणजे शिक्का न पाहतां सनद खरी मानणें होय. इ. स. १८८० त ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या या मंडळीची कीर्ति एवढी मोठी कीं, आमच्या मतें लहानसहान मंडळ्यांतील नटही घरच्या आठवणींत तिच्यांतच जाऊन बसतात. शिवाय १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेव्हांपासून सालावांचून मंडळीचें नांव सांगणें निरर्थक झालें. आडनांवावर तरी कितपत विसंबावें ? मास्टर दीनानाथांचें ‘मंगेशकर’ हें आडनांव मंगेशी गांवावरून आलेलें. वडिलांच्या आडनांवानें शोधणारास ते सांपडावयाचे नाहींत.

छापील साधनेंही जपून वापरावीं. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांची ‘मराठी रंगभूमि’ १९०३ सालची. पुढील नटांसाठीं ती उघडणें व्यर्थ. बोडसांची ‘माझी भूमिका’ मोलाची खरी, परंतु ती प्रमुख नटाच्या अंगानें लिहिलेली आहे. पेटी वाजविणारा किंवा दोन प्रवेशांपुरता येणारा सेवक तींत हटकून भेटेल अशी अपेक्षा बाळगूं नये.

परंड्यापुरती आणखी एक अडचण आहे. १९४८ पर्यंत हें गांव निजामच्या राज्यांत, तर शेजारची बार्शी इंग्रजी अमलांत. कुर्डुवाडीहून बार्शीस १८९७ सालीं लाइट रेल्वे पोंचली. पडदे, पेटारे व माणसें यांचा लवाजमा घेऊन हिंडणाऱ्या मंडळीस रेल्वेचें गांवच सोयीचें. म्हणून परंड्याच्या नटाचा माग हैद्राबादच्या दप्तरांपेक्षां सोलापूर-पुण्याच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींत आधीं काढावा, असें आम्हांस वाटतें. हा तर्क होय, पुरावा नव्हे.

हस्तपत्रकावर वार व तारीख असून साल नसलें, तरी हताश होण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांस जंत्रीचा सराव आहेच. तीच येथें लावावी. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं, रविवारीं झाला. समजा, ‘रविवार, ता. १२ मार्च, मानापमान’ एवढेंच छापलेलें पत्रक हातीं आलें. तो योग १९११ नंतर १९१६, १९२२ व १९३३ सालीं पुन्हां येतो. मंडळी किर्लोस्कर व भामिनी बालगंधर्व असेल तर साल १९११ च; गंधर्व मंडळी असेल तर १९१६, १९२२ किंवा १९३३. आणि धैर्यधर म्हणून केशवराव भोसले यांचें नांव असेल, तर १९२२ व १९३३ आपोआप गळतात; कारण ‘संयुक्त मानापमाना’नंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं ते वारले.