वर दोन खोल्या काढल्यात

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय दिलाय निवृत्तीला आलेल्या जोडप्याचं घर. समोर बरेच गुरुजी आणि बाई दिसतायत, म्हणजे 58 फार लांब नाही. ग्रॅच्युइटी येणार, पीएफ येणार, आणि पहिला विचार येणार की आता शेवटचं घर बांधायचं, एकदाच आणि चांगलं.

मी इंजिनिअर आहे. असे नकाशे मी स्वतः काढलेत, तेव्हा आज जी टीका करणार आहे तिच्यात मी आधी आरोपी आहे, हे धरून चाला.

आपल्या भागातलं हे घर तुमच्या ओळखीचं आहे. 30 बाय 40 चा प्लॉट. अडीच फूट जोतं, त्यावर ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचा चकचकीत कठडा. खाली हॉल, किचन, एक बेडरूम. जिन्याखाली संडास, वाकून जायचं. आणि घर दाखवताना गुरुजी अभिमानानं सांगतात, "वर दोन खोल्या काढल्यात, दोघा पोरांना एकेक."

पोरं कुठायत? एक पुण्याला, एक संभाजीनगरला. येतात दिवाळीला चार दिवस आणि मे महिन्यात आठ दिवस. 365 दिवसांतल्या 12 दिवसांसाठी निम्मं घर! बरं, मे महिन्यात तरी ते वर झोपतात का? आपल्याकडचं ऊन, वर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो. नातवंडं दुसऱ्याच दिवशी चटया घेऊन खाली हॉलमध्ये. (हशा) हसताय, म्हणजे घरोघरी हेच आहे.

जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, निदान ऐकलं असेल. नाना-नानींचं एकटेपण बघून आपण रडतो आणि बाहेर पडताना पोरांना बोल लावतो. नाटकाची ताकद मला मान्यच आहे. पण म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर बोलताना आपण दरवेळी मुलांपाशीच थांबतो. घराला कुणी जाब विचारत नाही. माणसं दूर गेली हे खरं, पण शेजारी तर आहे ना? मग तो आत का येत नाही? कारण त्याला बसायला आपण जागाच ठेवली नाही. ओसरी काढली आणि तिथं गाडी लावली. पुढं लोखंडी गेट. पूर्वी जाता-येता माणूस ओसरीवर टेकायचा, पाणी मागायचा. आता बेल वाजवायला काहीतरी काम काढून यावं लागतं.

लगेच "जुनं ते सोनं" म्हणू नका. माळवदाच्या घरात उंबरठा गुडघ्याएवढा, स्वयंपाकघरात अंधार, संडास घरात नाहीच. आणि ओसरीवर बसायचे पुरुष. बायांच्या वाट्याला परसदार. शिवाय 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं, त्याखाली माणसं गेली. तेव्हापासून मराठवाड्यात स्लॅबला पर्याय वाटत नाही, आणि ती भीती खोटी नाही. पण स्लॅब हवा याचा अर्थ ओसरी नको असा कुठं होतो? भूकंपानंतर वसवलेल्या गावांत सरळ रेषेतले रस्ते आणि सुटी घरं मिळाली, तरी लोकांनी पुढं पत्र्याची पडवी जोडलीच. नकाशात जे राहिलं होतं ते लोकांनी आपल्या हातानं भरून काढलं.

आता जोत्याकडं या. दर काही वर्षांनी सिमेंटचा रस्ता जुन्याच रस्त्यावर चढतो, पावसाचं पाणी घरात शिरतं, म्हणून माणूस जोतं उंच घेतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण चाकाच्या खुर्चीसाठी उताराचा नियम आहे 1 ला 12. अडीच फूट चढायला 30 फूट उतार लागतो, म्हणजे तुमच्या प्लॉटची अख्खी पुढची बाजू. नंतर लावू म्हटलं तर तो कधीच बसत नाही. आजच अंगण मुरूम टाकून हळूहळू उचललं, रस्त्याकडून दाराकडं, तर पायऱ्या एक-दोनच उरतात. खर्च ग्रॅनाइटपेक्षा कमी.

न्हाणीचं मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण ते माझ्या घरात घडलं.

आई-दादांचं घर मीच काढलं होतं. न्हाणीचं दार आत उघडणारं, सव्वादोन फुटी, कारण जागा वाचत होती. फरशी गुळगुळीत, कारण ती आवडली. एका सकाळी आई घसरून पडली ती नेमकी दाराला अडून. दादा बाहेरून ढकलतायत, आणि ढकललं की दार तिच्याच अंगावर. आतून कडी नव्हती लावली, तरी दार उघडेना. शेवटी शेजारच्यानं वरची झडप काढून पोराला आत उतरवलं. खुबा मोडला होता. दार बाहेर उघडणारं असतं तर तो पाऊण तास गेला नसता. एका बिजागरीचा प्रश्न होता हो, आणि तो मला कॉलेजातही कुणी शिकवला नव्हता, नकाशा काढताना मलाही सुचला नाही.

तेव्हा दार बाहेर उघडणारं, तीन फुटी, कडी बाहेरूनही निघेल अशी. फरशी खरबरीत. कमोडशेजारी भिंतीत दांडी. भिंत बांधतानाच तिथं मजबुती द्या, नंतर ठोकलेली दांडी हातात येते. आणि ही न्हाणी झोपायच्या खोलीला लागून हवी, जिन्याखाली नको.

पाण्याचं कुणी बोलत नाही. 2012-13 चा दुष्काळ आठवा, आपला जिल्हा कसा होरपळला. म्हणून घरोघर जमिनीत हौद आहेच. पण लाइट गेली की मोटार बंद, मग झाकण उचलून वाकून बादली कोण काढतं? साठीची बाई. हौदावर हातपंप बसवा ना. तसंच किचनचा ओटा: उभ्यानं भाकरी थापणं साठीनंतर जमेलच असं नाही. एक तुकडा खुर्चीवर बसून करता येईल इतका खाली घ्या. नकाशा बघताना गुरुजी खुर्चीत असतात आणि बाई चहा आणायला आत. मी तरी आता बाई समोर बसल्याशिवाय कागद उघडत नाही. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला दोघांचीही नावं लावा. एकजण मागं राहणार आहे, आणि ती बहुधा बाईच असते.

वरच्या खोल्यांचं काय, हे विचारणार तुम्ही. स्लॅब वरचा मजला पेलेल इतका पाया घाला, सळया वर सोडून ठेवा. पोरांना बांधायचं तेव्हा बांधतील. आमच्या घरी वरच्या दोन खोल्या आहेत. आई चार वर्षांत वर गेलेली नाही. तिथं गाद्यांच्या घड्या आहेत आणि गेल्या वर्षीपासून हरभऱ्याची पोती.

कुणी नकाशा सोबत आणला असेल तर थांबा, आत्ताच बघू. वहिनींनाही पुढं बोलवा.